दोन पायल्या मीठ

रैजी पोटावीला त्या ठरावातून काय मिळणार होतं, ते मी बैठक चालू असतानाच रजिस्टरच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं. उत्तर उणे आलं. पुन्हा मांडलं, पुन्हा उणेच.

"लिहा ना मुन्शीजी," रैजी म्हणाला. "चारीची फळं तोडायची तारीख नवही गावांले एकच. दहा मे."

"तुमच्या हेटी गावची चार तर तीस एप्रिललाच पिकते."

"पिकते ना."

"मग मधले दहा दिवस काय करणार?"

"पाहू. पोपट खातील, अस्वलं खातील. अस्वलांले पन महासंघात घेऊन टाका. फक्त वर्गणी मागू नका त्यांले."

बेलबुडीच्या समाजमंदिरात बसलेली नऊ गावांची माणसं हसली. मी हसलो नाही. हिशेब लागला नाही की मला हसू येत नाही.

मी एकोणीस वर्षं तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी होतो. बायका पानांचे पुडे बांधून आणायच्या, मी मोजून घ्यायचो, आणि ठेकेदाराच्या सोयीनं शंभरातले चार-पाच बाद ठरवायचो. बाद पुडे पुढे कुठे जातात ते कुणी विचारायचं नसतं. मग या नऊ गावांना त्यांच्या जंगलाचे सामूहिक हक्क मिळाले. त्यांनी आपल्या ग्रामसभांचा महासंघ केला, ठेकेदाराला फाटा दिला आणि लिहायला-मोजायला माणूस हवा म्हणून मलाच ठेवलं. महासंघाच्या अध्यक्ष जैनीबाई मडावी यांनी त्याचं कारण सगळ्यांसमोर सांगितलं होतं. "चोरी कुठून होते हे याले माहीत आहे. दुसरा ठेवला तर त्याले शिकायले दोन वर्षं लागतील."

त्या दिवशी विषय तेंदूचा नव्हता, चारीचा होता. जिच्या बीतून चारोळी निघते ती ही चार. झाडालाही चारच म्हणतात, फळालाही. फळ करवंदाहून लहान. पिकायच्या आधी तोडलं तर बी पोकळ राहते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दरवर्षी नवही गावं हिरवीच तोडत होती, कारण शेजारचं गाव आपल्या आधी तोडेल ही धास्ती. एका गावानं यंदा दोन दिवस आधी हात घातला की दुसरं पुढच्या वर्षी चार दिवस आधी घालायचं. झाडावर चढायलाही वेळ नसायचा; कुऱ्हाडीनं फांदीच खाली पाडायची आणि बसून ओरबाडायची. मग त्या पोकळ बिया बाजारात जायच्या आणि त्यांच्या बदल्यात मीठ मिळायचं. मापाला माप.

त्या वर्षी नागपूरचा एक व्यापारी दुप्पट भावानं घ्यायला तयार झाला होता. त्याची अट अशी की प्रत्येक गावाच्या मालातल्या शंभर बिया पाण्यात टाकायच्या. भरलेली बुडते, पोकळ तरंगते. शंभरात पाचाहून जास्त तरंगल्या तर माल परत, आणि एका गावाचा परत तर नवही गावांचा परत.

हेटी सगळ्यात खाली, उन्हाच्या उतारावर. जैनीबाईंचा डोंगरटोला सगळ्यात वर. दोघांच्या पिकण्यात दहा दिवसांचा फरक. एकच तारीख धरायची तर डोंगरटोल्याची धरावी लागणार, आणि तोटा झाला तर हेटीचा. म्हणून मला वाटलं होतं की या बैठकीत भांडण झालं तर ते हेटीचा रैजीच काढेल. त्यानंच तारीख सुचवली.

"हेटीनं आधी तोडली तर काय बिघडते?" जैनीबाईंनी त्याला विचारलं. "तुमची पिकलेलीच असन."

"बाई, आमच्या बायका टोपल्या घेऊन निघालेल्या दिसल्या की बाकीची आठ गावं त्याच सांजेले झाडावर चढतात. हिरवी का पिकली, कोन पाहते?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी मात्र माझ्या मागच्या पानावर शोधत राहिलो. याला अध्यक्ष व्हायचं असेल? गेल्या वर्षी सचिवपद देत होते तर 'सही करायले लय वेळ लागते' म्हणून त्यानं नाही म्हटलं होतं. डोंगरटोल्यात याची लेक दिली असेल? याला लेकच नव्हती. व्यापाऱ्याकडून काही ठरलं असेल? व्यापाऱ्याशी बोलणी मीच केली होती. एकोणीस वर्षांत काहीतरी सोडणारा माणूस मी पाहिला होता, पण दुसऱ्या हातानं काही न उचलता सोडणारा पाहिला नव्हता. मी ती जागा कोरी ठेवली.

मग दंडाचं निघालं. जैनीबाई म्हणाल्या, "मोडन त्या गावाले पाच हजार. लिहा."

"पैसा नको बाई," रैजी म्हणाला. "पैसा एक जन देते अन् मोकळा होते. जेवनाचा दंड ठेवा, आपल्या जुन्या रीतीनं. जे गाव मोडन त्यानं नवही गावांले जेवू घालायचं. सारं गाव लागते मंग, लाकडं फोडन्यापासून."

मला ती रीत नीट माहीत नव्हती, म्हणून विचारलं. जैनीबाईंनी सांगितलं. दंडाचं जेवण झालं की ती गोष्ट संपली. कुणी केलं, का केलं, हे त्यानंतर कुणी काढायचं नाही. जेवलेल्या माणसानं पुन्हा तोंड उघडलं तर त्याला नवा दंड. आणि बोलावलेल्यांपैकी एकानं जरी घास घेतला नाही तर ती गोष्ट उघडीच राहते.

मी लिहून घेतलं. उठता उठता हेटीचीच सनीबाई कोरेटी मागून बोलली. ही पन्नाशीची बाई, रैजीच्या आतेभावाची बायको, आणि हेटीत रैजीला अरेतुरे करणारी एकटीच. "अजून एक लिहा. दहा तारखेच्या आत कोन्या दुकानानं मिठावर चार घ्यायची नाही. अन् हे घरी पन वाचून दाखवा, मुन्शीजी."

पुन्हा सगळे हसले. बाजाराच्या गल्लीत माझ्या बायकोचं, शेवंताचं, किराण्याचं दुकान होतं. मी घरी जाऊन खरंच वाचून दाखवलं. शेवंता तराजू पुसत होती. म्हणाली, "दुकान माझ्या नावानं आहे. ठराव तुमच्या नावानं."

*

तीन मेला मी पहाऱ्याच्या पाळ्यांची नोंद घ्यायला हेटीला गेलो. गावात शिरायच्या आधीच आंबूस वास आला. झाडांखालची जमीन जांभळी-काळी झाली होती. चार पिकून गळत होती, वर पोपटांचा आणि हरियालांचा कालवा चालला होता, आणि झाडांखाली हेटीच्या बायका रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या होत्या. खाली पडलेलंही उचलायचं नाही असं ठरलं होतं. नाहीतर झाडं हलवून 'वारा लय सुटला होता' म्हणतील, असं सनीबाईनंच सुचवलं होतं.

आता तीच मला म्हणाली, "मुन्शीजी, तुमचा ठराव पाखरांले वाचता येत नाही वाटते."

"माझा कुठे, रैजीभाऊचा आहे."

"त्याले तर मी रोजच इचारतो. म्हनते, पाखरांचा वाटा जाऊ दे. मी म्हनलं, वाटा कायचा, पाखरं अख्खं ताट घेऊन चालली."

रैजी जवळच उभा होता. तो म्हणाला, "आज तिसरा दिवस. अजून सात."

"सात दिवसांनी काय राहीन रे? देठं?"

"अर्धी राहीन वहिनी. मोजलं मी. वरच्या फांद्यांची उशिरा पिकते."

"अन् बाकीच्यांनी मधीच तोडली तर?"

रैजीनं वरच्या फांद्यांकडे पाहिलं. उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. हेटीतल्या बावीस घरांचा पावसाळ्याचा तांदूळ या झाडांवर असायचा. वाट पाहून दुप्पट भावात अर्धी विकली तर जेमतेम बरोबरी. पण वाट पाहिली आणि इतरांनी तारीख मोडली, तर व्यापारी परत, भाव परत, आणि अर्धी चार आधीच पाखरांच्या पोटात. नऊ गावांत ज्याला परत फिरायला वाट नव्हती असं हे एकच गाव होतं. मी माझ्या कोऱ्या जागेत तेवढं लिहिलं, आणि उणे होतं ते आणखी उणे झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहाऱ्यावरच्या मुरमाडी गावच्या माणसांनी निरोप आणला. हेटी आणि डोंगरटोल्याच्या शिवेवर नाला आहे. त्या नाल्याच्या वरच्या अंगाला चारीची पाच झाडं कुणीतरी ओरबाडली होती. फांद्या कुऱ्हाडीनं तोडून टाकलेल्या. पानं सुकली होती, म्हणजे दोन-तीन दिवस होऊन गेलेले. आणि देठांना चिकटून राहिलेली फळं हिरवी होती.

*

पाच तारखेला सकाळी तातडीची बैठक लागली. रैजी हेटीहून चालत आला, वाटेत माझ्या घरी थांबला, पाणी प्याला, आणि आम्ही दोघं बरोबरच समाजमंदिरात गेलो.

आत पाहिलं तेव्हा मला कळलं की बैठक आधीच अर्धी होऊन गेली आहे. मुरमाडीच्या बायकांनी टोपल्या बरोबर आणल्या होत्या. कोपऱ्यात दोन कुऱ्हाडी टेकवून ठेवल्या होत्या. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, आणि हे वाईट लक्षण होतं.

मुरमाडीचे गावडे बाबा बोलायला उठले. सत्तरीचे, वकिलासारखे प्रश्न विचारायची त्यांना हौस. "बाई, एवढंच सांगा. पाच झाडं कोनं तोडली? सांगता येत नसन तर आमी इथूनच जंगलात जातो. आमच्या बाया टोपल्या घेऊनच आल्या."

जैनीबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "ज्यानं तोडली त्यानं सांगावं."

नाल्याची वरची बाजू डोंगरटोल्याकडे चढते. हिरवी चार त्याच बाजूला होती. ही दोन वाक्यं जोडायला मुन्शी लागत नाही, आणि अध्यक्षांचं गाव आहे म्हणून ती कुणी जोडत नव्हतं, एवढंच. आणखी पाच मिनिटं गेली असती तर गावडे बाबांनी जोडली असती.

रैजी बसल्या जागेवरूनच म्हणाला, "आमी तोडली."

"कोन आमी?"

"हेटी."

सनीबाईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं पुरेसं होतं.

गावडे बाबा हळूच म्हणाले, "रैजी, तुमची गावाजवळची चार पिकून सडून राहिली. ते सोडून तुमी दोन कोस चढून गेले, अन् हिरवी तोडली?"

"पिकलेलीवर पहारा होता ना, बाबा."

आधी मागच्या बायका हसल्या, मग सगळेच. गावडे बाबाही हसले, पण बसले नाहीत. "नाव सांग. हेटीतल्या कोनं?"

"नाव कायले? मुन्शीजी, ठराव वाचून दाखवा."

मी वाचला. ज्या गावाच्या हातून ठराव मोडेल त्या गावानं नवही गावांना जेवण द्यावं. त्यात माणूस नव्हताच. दोन महिन्यांपूर्वी हे वाक्य रैजीनं सांगितलं होतं तसंच मी उतरून घेतलं होतं.

"रैजीभाऊ," जैनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "विचार करून बोलता ना?"

"केला बाई."

"गावाले विचारलं?"

"आता जाऊन विचारतो."

या वेळी कुणी हसलं नाही. इतकी उघड थाप त्या समाजमंदिरात कधी कुणी मारली नसेल, आणि नऊ गावांपैकी एकानंही ती थाप आहे असं म्हटलं नाही. गावडे बाबा खाली बसले. मुरमाडीच्या एका बाईनं पुढ्यातली टोपली मागे सरकवली.

जेवण सात तारखेला हेटीत ठरलं. गावामागे वीस-बावीस माणसं, म्हणजे दोनशेच्या आत-बाहेर. पाच बोकड, अठरा पायल्या तांदूळ. मी लिहीत असताना रैजी म्हणाला, "अन् मीठ मुन्शीजींकडून. दोन पायल्या."

"दोन पायल्या?" गावडे बाबा म्हणाले. "दोनशे मानसांले एक पायली पन लय होते."

"दोन लिहा."

महासंघाच्या पगारी माणसाच्या खिशालाही थोडी झळ लागू दे, अशी ही गंमत आहे असं समजून लोक पुन्हा हसले. मीही हसलो आणि दोन लिहिलं.

बाहेर पडलो तेव्हा रैजी आणि सनीबाई माझ्यापुढे चालत होते. मुद्दाम ऐकलं नाही, पण पावलंही मागे घेतली नाहीत.

"आमची तोंडं काळी केली तू," सनीबाई म्हणाली, "अन् आता बोकडं पन आमचीच."

"दोन माझे."

"उरलेले तीन?"

"दोनासाठी घरोघरी वर्गनी काढू."

"अन् पाचवा?"

रैजीनं तिच्याकडे पाहिलं.

"तो मी माझ्या पोराच्या, इरपूच्या लग्नासाठी ठेवला, रैजी."

"लग्न माघात आहे ना वहिनी."

"बोकड माघापर्यंत मोठा होते, सात तारखेपर्यंत नाही," ती म्हणाली, आणि बाकीचा रस्ता त्याच्याशी बोलली नाही.

*

हेटीतलं जेवण दुपारी झालं. मी मीठ पोत्यात घालून सायकलवर नेलं. रीतीप्रमाणे हेटीची माणसं वाढत होती आणि बाकीची आठ गावं गावनिहाय ओळी धरून बसली होती. सनीबाई रश्शाची बादली घेऊन ओळीतून फिरली, आणि डोंगरटोल्याच्या ओळीपुढे आली तेव्हा तिचा हात जरा सैल सुटला. त्यांच्या द्रोणात तिनं इतरांपेक्षा जास्त वाढलं. त्याचा अर्थ काय लावायचा हे मी त्यांच्यावर सोडलं. डोंगरटोल्याच्या पोरांनी माना खाली घालून खाल्लं.

जैनीबाई ओळीच्या सुरुवातीला बसल्या होत्या. त्यांनी भात कालवला आणि हात तसाच पत्रावळीवर ठेवला. शेजारच्या बाईचं अर्धं झालं तरी त्यांचा घास उचलला नव्हता. हळूहळू आजूबाजूच्या ओळींत बोलणं कमी होत गेलं. सगळ्यांना रीत माहीत होती. त्यांनी घास घेतला नाही तर गोष्ट उघडी राहणार, आणि मग पुढचं वाक्य त्यांचंच असणार. त्यांच्या तोंडावरून वाटत होतं की ते वाक्य त्यांच्या जिभेवर आलेलं आहे.

रैजी येऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "बाई, मीठ कमी पडलं का?"

त्यांनी मान वर केली.

"मुन्शीजींनी भरपूर आनलं. सांगा, टाकतो."

"नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे मीठ."

आणि त्यांनी घास घेतला. पत्रावळ पुसून खाल्ली. मी त्यांच्या मागच्या ओळीत होतो. मीही खाल्लं.

दहा तारखेला पहाटे नवही गावांत ढोल वाजले आणि लोक जंगलात गेले. त्या वर्षी एकही फांदी कापल्याची नोंद नाही. आठवड्यानं व्यापाऱ्याचा माणूस आला, त्यानं नऊ बादल्या मांडल्या आणि प्रत्येकीत शंभर-शंभर बिया टाकल्या. कुठे दोन तरंगल्या, कुठे चार. हेटीच्या बादलीत एकही नाही. मात्र हेटीची पोती सगळ्यांत कमी होती. भाव ठरल्याप्रमाणे मिळाला.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत जैनीबाईंनी दोन गोष्टी केल्या. अध्यक्षपद सोडलं, आणि त्याआधी ठराव मांडला की हेटीला तीस एप्रिलपासून मोकळीक द्यावी. एकही हात विरोधात गेला नाही. त्या एप्रिलात हेटीच्या बायका भरल्या टोपल्या घेऊन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाजारातून गेल्या, आणि बाकीच्या आठ गावांत कुणीही झाडावर चढलं नाही. पिकलेली सोडून हिरवी तोडली असं ज्या गावानं स्वतः सांगितलं, त्याच गावावर सगळ्यांचा भरवसा बसला होता.

तेव्हा मी माझी कोरी जागा पुन्हा काढली. पाच बोकडांच्या किमतीत रैजीनं त्या वर्षीची उरलेली अर्धी चार वाचवली होती आणि पुढची सगळी वर्षं मिळवली होती. म्हणजे हिशेब लागला होता. तो त्यानं आधीच मांडला होता की नंतर जमून आला, हे मात्र मी त्याला कधी विचारलं नाही. मी विचारलं असतं तर त्यानंही मला काही विचारलं असतं.

कारण एक नोंद मी इथपर्यंत मागे ठेवली आहे.

तीन तारखेला हेटीहून घरी परत आलो तेव्हा आमच्या परसात चारीच्या बिया वाळत घातलेल्या होत्या. मी शेवंताला विचारलं.

"डोंगरटोल्याची बिंदा आली होती, जैनीबाईची सून," ती म्हणाली. "घरात मीठ नाही म्हणे, बाजार पाच दिवसांवर. दोन पायल्या बिया होत्या, दोन पायल्या मीठ दिलं."

"ठराव वाचून दाखवला होता ना तुला?"

"तिलाही दाखवला असता, तर ती काय म्हणाली असती माहीत आहे? म्हणत होती, हेटीवाले रात्री टोपल्या भरून नेतात, मग आम्हीच कायले थांबावं."

मी तेव्हा हेटीची जांभळी जमीन नुकताच पाहून आलो होतो. बिंदानं ऐकलेलं खोटं होतं हे सांगू शकणारा बेलबुडीत मी एकटा होतो. पण सांगायचं म्हणजे बिया कुठे आहेत तेही सांगायचं. मी त्यांवर एक पोतं टाकलं.

पाच तारखेला सकाळी रैजी परसातूनच आला. कोंबड्यांनी पोतं उकरून बाजूला केलं होतं. मी पाण्याचा लोटा आणून दिला. तो ढिगापाशी उभा होता. त्यानं वाकून एक बी उचलली, लोट्यात टाकली आणि पाहिलं. बी तरंगत होती. बोटानं ती बाहेर काढली, पुन्हा ढिगावर ठेवली, आणि ते पाणी पिऊन टाकलं. मग ढिगाकडे पाहून त्यानं मनात माप घेतलं. माणूस माप घेतो तेव्हा त्याचे डोळे कसे होतात, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

"चला," तो म्हणाला. "उशीर होऊन राहिला."

वाटेत आम्ही उन्हाविषयी बोललो.

*

रैजी वारून आता तीन वर्षं झाली. महासंघात आज एकतीस गावं आहेत. बाहेरून लोक पाहायला येतात, गोदाम पाहतात, तक्त्यांचे फोटो काढतात आणि इतकी गावं एकत्र कशी राहिली असं मला विचारतात. मी त्यांना ठरावांचं रजिस्टर दाखवतो. ते प्रभावित होऊन जातात.

सनीबाई सध्या महासंघाच्या अध्यक्ष आहेत. मी आता त्यांना अहो-जाहो करतो, त्या मला मुन्शीजीच म्हणतात. गेल्या चैत्रात गोदामाच्या ओसरीवर आम्ही दोघंच बसलो होतो, आणि का कोण जाणे, मी त्यांना परसातल्या बियांचं सगळं सांगून टाकलं. बिंदाचं नाव सोडून.

त्या तंबाखू मळत होत्या. मळून झाल्यावर म्हणाल्या, "पाच बोकडांले दोन पायल्या मीठ लागत नाही, हे मले कळत नाही का? उरलेलं मीठ आमच्या बावीस घरांनी दिवाळीपर्यंत खाल्लं."

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं?"

"मी जेवली होती. इचारता येत नव्हतं." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "तुमी पन जेवले होते, मुन्शीजी."

"हो."

"मंग आज तोंड कायले उघडलं? आता दंड बसते."

मी एकतीस गावांचं गणित करू लागलो. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"एवढ्यांले नका जेवू घालू," त्या म्हणाल्या. "आयकलं मी एकटीनंच. माझ्यापुरता आना."

त्याच आठवड्यात मी बाजारातून एक बोकड घेऊन हेटीला गेलो. सनीबाईंनी त्याचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि दावं खुंटीला अडकवलं. इरपूचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हा बोकडाशिवायच झालं, हे मला त्या दिवशी तिथल्या एका शेजारणीकडून कळलं.

तर शेवटची नोंद अशी. दहा दिवसांची पिकलेली चार आणि अठरा पायल्या तांदूळ, हेटीची बावीस घरं. बोकड दोन, रैजी पोटावी. बोकड दोन, हेटीची वर्गणी. फांद्या, नाल्यावरची पाच झाडं. त्यांना पुढची चार वर्षं चार धरली नाही. अध्यक्षपद, जैनीबाई मडावी. मीठ चार पायल्या, दोन बिंदाला आणि दोन हेटीला, मी. त्या बिया शेवंतानं पावसाळ्यात चुलीत घातल्या. पाचवा बोकड इतकी वर्षं सनीबाई कोरेटीच्या नावावर होता. तो आता मी दिला आहे. त्यांच्या मते तो लहान आहे.